दार सगळ्यात शेवटी

पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला घर पटकन मिळतं. तेच पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं, पाय लांबले, कान उभे राहिले, की विचारणा थांबते. रस्त्यावर वाढलेली, अपघातातून बरी झालेली, कुणी हौसेनं आणून मग नकोशी झालेली अशी ही मोठी पिल्लं असतात. बरीच वर्षं मी पुण्यात अशा पिल्लांचा तात्पुरता सांभाळ करते आहे. ती ज्या घरी जातात तिथल्या माणसांना सुरुवातीचे काही आठवडे सोबतही करते. या कामात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न रात्रीचा असतो. क्रेट आणलाय, आत मऊ गादी घातलीय, तरी हे आत झोपत का नाही?

क्रेट म्हणजे जाळीचा, घडी होणारा, खाली सरकता ट्रे असलेला पिंजरा. फ्लॅटमध्ये राहणारी आणि दोघंही नोकरी करणारी कुटुंबं कुत्री पाळायला लागली, तसा तो आपल्याकडे आला. त्याआधी घरचं कुत्रं ओट्यावर, जिन्याखाली, गोठ्याच्या तोंडाशी झोपायचं आणि कुठं झोपायचं हे तेच ठरवायचं. त्यामुळे घरातली वडीलधारी माणसं क्रेट बघून कपाळाला आठ्या घालतात. मला त्या आठ्या योग्य वाटतात. या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला अशाच एका घरात उमगली.

सिंहगड रस्त्यावरच्या त्या घरात साडेपाच महिन्यांची काळीभोर मादी गेली होती. घरात आजोबा, मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नात. क्रेट उघडून मांडला तेव्हा आजोबा म्हणाले, "ताई, घरात आणायचं आणि कोंडायचं, हे मला पटत नाही. आमच्या गावाकडच्या कुत्र्याला कधी साखळीसुद्धा नव्हती." मी म्हटलं, "आजोबा, दार आपण लावायचंच नाही. तिला वाटलं तर ती आत जाईल, नाही वाटलं तर नाही जाणार." मुलगा बुचकळ्यात पडला. दार लावायचं नसेल तर एवढे पैसे घालून हे आणलं कशाला, असं त्यानं विचारलंही.

आम्ही ते दार नाडीनं मागे बांधून टाकलं, कारण उघडं दार वाऱ्यानं किंवा धक्क्यानं हललं की त्याचा खडखडाट होतो आणि तेवढ्यानंही बिचकणारं पिल्लू पुढे बरेच दिवस जवळ येत नाही. क्रेट ठेवला हॉलमध्ये, आजोबांच्या दिवाणाला लागून. आजोबा रात्री दोन-तीनदा उठत, दिवसाही बराच वेळ तिथंच बसून वाचत. मी त्यांना एवढंच काम दिलं: येता-जाता भाकरीचा किंवा उकडलेल्या रताळ्याचा तुकडा आत टाकायचा आणि तिच्याकडे बघायचं नाही. पहिले काही दिवस ती मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून, मान ताणून तुकडा उचलायची आणि झटकन मागे सरायची. सून म्हणाली, "थोडं मागून ढकलू का? एकदा आत गेली की कळेल तिला." आजोबांनीच हात केला, "अगं, राहू दे. ती बघतेय अजून."

त्या 'बघतेय' मध्ये सगळं आलं. मोठं पिल्लू बघत असतं. कोण कुठं उभं आहे, आत गेल्यावर मागे कुणी येतं का, बाहेर यायची वाट मोकळी राहते का, हे ते मोजत असतं. आजोबांना कुठलीच घाई नव्हती, म्हणून ते घरातल्या कुणाहीपेक्षा चांगले शिक्षक ठरले. एका दुपारी नातीच्या मैत्रिणी आल्या, हॉलमध्ये दंगा सुरू झाला, आणि ती मुकाट्यानं उठून क्रेटमध्ये जाऊन आडवी झाली. कुणी बोलावलं नव्हतं, आत तुकडाही नव्हता. पुढे दार लावायची वेळ आली तेव्हा ते आजोबांनीच लावलं, आणि ती डोकं वर न करता झोपून राहिली. दार सगळ्यात शेवटी लावायचं, हा माझा नियम त्या घरातून आलेला आहे.

लहान पिल्लू आणि मोठं पिल्लू यांत फरक कुठं पडतो, हे नीट समजून घ्यायला हवं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बार हार्बर इथं अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं, दिसतं, ऐकू येतं, ते त्याच्या जगाचा भाग होऊन जातं, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. सहा महिन्यांच्या पिल्लाची ही मुदत केव्हाच उलटलेली असते. त्या काळात त्यानं छप्पर, लादी, मिक्सरचा आवाज, वर फिरणारा पंखा यांतलं काहीच पाहिलं नसेल, तर घर हीच त्याच्या दृष्टीनं मोठी परीक्षा असते. शिवाय ते अंगानं दांडगं असतं. लहान पिल्लाला उचलून आत ठेवता येतं. बारा-चौदा किलोच्या पिल्लाला ढकलायला गेलात तर ते तुमचा हात धरेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

मोठ्या पिल्लाच्या काही जमेच्या बाजूही आहेत, त्या कुणी लक्षात घेत नाही. त्याची लघवी धरून ठेवण्याची ताकद वाढलेली असते. वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, साधारण तेवढे तास, असा एक ढोबळ अंदाज आम्ही लोक वापरतो. म्हणजे पाच महिन्यांचं निरोगी पिल्लू रात्री झोपेत पाच-सहा तास काढू शकतं. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे २८ दात जाऊन पक्के ४२ आलेले असतात, त्यामुळे हिरड्या शिवशिवल्या म्हणून रात्री उठून गादी फाडणं कमी होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ते विचार करतं. त्याला एखादी गोष्ट एकदा पटली की ती पक्की बसते.

अडचण अशी की आपण त्याच्यावर पहिल्याच रात्री तीन ओझी एकदम टाकतो. जागा नवी, दार बंद, आणि वर एकटेपणा. संध्याकाळी पाचला पिल्लू घरी येतं, सगळे त्याच्याभोवती कौतुकानं जमतात, फोटो निघतात, आणि दहा वाजता दिवे मालवून सगळे आपापल्या खोलीत जातात. पिल्लू हॉलमध्ये, जाळीच्या आत, अंधारात. ते जन्मापासून कधी एकटं झोपलेलं नसतं. रस्त्यावर असेल तर भावंडांच्या अंगावर, गाडीखाली टोळीबरोबर; प्राण्यांच्या निवारा केंद्रात असेल तर शेजारच्या पिंजऱ्यातल्या श्वासाच्या आवाजात. म्हणून मी घरच्यांना सांगते, या तीन गोष्टी वेगळ्या करा. रात्री तुम्ही त्याच्याजवळ झोपा, दार उघडं ठेवा. क्रेटची ओळख दिवसा करून द्या. एकटं राहण्याचा सराव त्याहून निराळा, तो क्रेटच्या बाहेर सुरू करा: तुम्ही बाथरूममध्ये गेलात आणि आलात, कचरा टाकायला गेलात आणि आलात. तिन्ही धागे नीट झाले की मग ते एकत्र गुंफायचे.

दिवसाची ओळख कशी करून द्यायची, तर खरंच फार साधी आहे, फक्त ती कंटाळवाणी आहे. आधी ट्रेवर रबरी चटई आणि तिच्यावर जुनी गोधडी घालायची. लादीवर लोखंडी ट्रे नखांखाली जो ठणठण वाजतो त्यानं कितीतरी पिल्लं पहिल्या पावलालाच माघार घेतात, आणि घरच्यांना वाटतं पिंजऱ्याला घाबरलं. मग जेवणाचं भांडं क्रेटच्या दाराशी, काही दिवसांनी उंबऱ्यावर, मग आत मध्यावर, शेवटी अगदी मागच्या भिंतीला. पिल्लू ज्या दिवशी बिचकेल त्या दिवशी भांडं एक टप्पा परत दाराकडे आणायचं. चारही पाय आत जाऊन ते निवांत जेवायला लागलं की आत चघळण्यासारखं काहीतरी द्यायचं. पोकळ रबरी खेळण्यात दही-भात किंवा नाचणीचं सत्त्व भरून फ्रीजमध्ये गोठवलं की ते चाटून संपवायला बराच वेळ लागतो, आणि चाटता चाटता कुत्रं शांत होत जातं. ते चाटत असताना दार टेकवायचं, कडी न लावता, आणि त्याचं चाटून व्हायच्या आत उघडायचं. ही वेळ सांभाळणं फार महत्त्वाचं. त्यानं मागितल्यावर दार उघडण्यापेक्षा त्याच्या मनात यायच्या आधी उघडलं तर दार ही काळजीची गोष्टच राहत नाही.

बाणेरच्या एका घरात सात महिन्यांचा लॅब्रेडॉर होता, आधीच्या मालकांनी परत केलेला. तिथं त्यानं सोफा कुरतडला की त्याला क्रेटमध्ये टाकत असत, ओरडून, मानेला धरून. नव्या घरी नुसता क्रेटच्या दाराचा खटका वाजला तरी तो पलंगाखाली जाऊन लघवी करायचा. या घरच्यांनी त्याला एकदाही रागावलेलं नव्हतं. तिथं भाकरी-रताळ्याचा उपाय चालेना. आम्ही तो क्रेट घरातून काढूनच टाकला. त्याऐवजी बेडरूमच्या कोपऱ्यात नुसती गोधडी. तिथं तो झोपायला लागल्यावर गोधडीच्या एका बाजूला पुठ्ठ्याचं मोठं खोकं उभं केलं. मग दुसऱ्या बाजूला. मग वर चादर. त्याची गुहा अशी हळूहळू त्याच्याभोवतीच उभी राहिली. महिन्या-दीड महिन्यानं खोक्यांच्या जागी प्लास्टिकचा प्रवासी क्रेट आला, दार काढून ठेवलेला, आणि तीच गोधडी आत. जाळीच्या क्रेटमध्ये तो पुढे कधीच गेला नाही आणि जायची गरजही पडली नाही. क्रेट शिक्षेसाठी वापरणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते, एका रागाच्या क्षणाची किंमत पुढचं कुटुंब महिनोन्महिने भरतं.

आता रात्रीबद्दल, कारण खरी कसोटी तिथंच लागते.

"रडू द्या, चार दिवसांत आपोआप गप्प बसेल," हा सल्ला शेजारी देतात, नातेवाईक देतात, कधी कधी पिल्लू विकणाराही देतो. पिल्लू गप्प बसतं हे खरं आहे. पण गप्प बसणं म्हणजे निवांत होणं नव्हे. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली पेन्सिल्वेनियात कुत्र्यांवर केलेले प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांत सापडतात. ज्या कुत्र्यांना विजेच्या धक्क्यांतून सुटण्याचा काहीच मार्ग नव्हता, त्यांतली बरीच पुढे मार्ग समोर असतानाही हलली नाहीत. तो प्रयोग क्रूर होता आणि तो क्रेटचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण रडून रडून थकलेलं पिल्लू सकाळी कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं मी पाहिलं आहे. शेपटी खाली, लाळेनं छाती ओली, नाव घेतलं तरी मान वर नाही. घरचे आनंदानं सांगत असतात, "आज रात्री आवाजच केला नाही." मला ते ऐकून पोटात कालवतं.

रडण्याचे प्रकार ओळखायला शिकलं पाहिजे. नवीन जागी अंग टाकताना पिल्लू थोडं कुरकुरतं, फिरतं, सुस्कारा सोडतं आणि पडतं. तिथं आपण हलायचं नाही. पहाटे अडीचला गाढ झोपेतून उठून, थांबत थांबत, दाराकडे तोंड करून कुंई केली तर त्याला बाहेर जायचं आहे. अशा वेळी दिवा न लावता, गप्पा न मारता पट्टा अडकवायचा, खाली न्यायचं, लघवी झाली की हळू आवाजात शाबासकी आणि परत आत. सोसायटीत चौथ्या मजल्यावरून लिफ्टनं खाली जाईपर्यंत पिल्लाला दम निघत नाही, म्हणून काही घरांत मी आठवडा-दोन आठवडे गॅलरीत मातीचा ट्रे ठेवायला सांगते. तिसरा आवाज घबराटीचा. तो चढत जातो, थांबत नाही. धाप, लाळ, जाळीवर पंजे, डोळ्यांचं पांढरं दिसतं. हा आवाज ऐकू आला आणि दार लावलेलं असेल, तर ते उघडायचं. लगेच. "आता उघडलं तर त्याला सवय लागेल" हा विचार तिथं करायचा नाही. घाबरलेल्या जिवाला जवळ घेतल्यानं भीती वाढत नाही.

हे तिन्ही आवाज वेगळे ओळखायचे तर माणूस जवळ हवा, आणि माझा सगळा भर त्यावरच असतो. पहिले पंधरा दिवस घरातल्या एका माणसानं क्रेटशेजारी जमिनीवर गादी टाकावी, किंवा क्रेट पलंगाला लावावा. बोटं जाळीपाशी पोचतील इतकं जवळ. पिल्लू रात्री डोकं उचलतं, वास घेतं, माणूस आहे याची खात्री करतं आणि पुन्हा झोपतं. काही रात्रींनी ते डोकं उचलायचं थांबतं. मग क्रेट रोज हातभर सरकवत जिथं कायमचा ठेवायचा आहे तिथं न्यायचा. काहींना तो कायम बेडरूममध्येच ठेवावा वाटतो. ठेवावा, त्यात काही वाईट नाही.

झोपेची तयारी संध्याकाळपासूनच करावी लागते. शेवटचं जेवण सात-साडेसातला. त्यानंतर धावाधाव आणि चेंडू नको, वास घेत रमतगमत चालणं हवं. नाकानं काम केलेलं कुत्रं लवकर निवतं. साडेदहाच्या सुमाराला शेवटची लघवी. आपल्या गल्ल्यांत रात्री रस्त्यावरची कुत्री एकमेकांना हाका घालतात आणि रस्त्यावरून आलेलं पिल्लू त्या प्रत्येक हाकेला कान टवकारतं, कारण कालपर्यंत ते त्याच टोळीत होतं. त्याला गप्प करायला जाऊ नये. खिडकी लावावी, पंखा जरा वाढवावा. पहाटे पाचला दूधवाल्याची गाडी, वॉचमनची शिट्टी, याही आवाजांची सवय व्हायला वेळ लागतो.

दुसऱ्या एका पिल्लाची गोष्ट सांगते, कारण असा प्रसंग आता वरचेवर येतो. शस्त्रक्रिया झालेली, पायाच्या दुखापतीसाठी बराच काळ केंद्रातल्या पिंजऱ्यात राहिलेली सहा महिन्यांची मादी. क्रेटमध्ये ती बिनतक्रार जायची आणि तिथंच शी-शू करून त्यावरच झोपायची. कुत्रं आपली झोपायची जागा घाण करत नाही यावर घरच्यांचा पूर्ण विश्वास होता, आणि एरवी तो बरोबरही असतो. पण जिला आठवडेच्या आठवडे दुसरी जागाच मिळाली नव्हती, तिची ती जाणीव बोथट झाली होती. शू कुठं करायची हे अशा पिल्लाला क्रेट शिकवत नाही. तिला दर दोन तासांनी बाहेर, जेवल्यावर बाहेर, झोपेतून उठल्यावर बाहेर, आणि मातीवर केल्यावर हातातून खाऊ, अशी अगदी दीड महिन्याच्या पिल्लासारखी सुरुवातीपासून उजळणी करावी लागली. अंथरूणही बदललं, कारण आधीची मऊ, शोषून घेणारी गादी तिला शू करायला योग्य जागा वाटायची. त्याऐवजी पातळ सुती चादर घातली. ती कोरडी राहायला लागली तेव्हा त्या घरातल्या बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज भरून आला होता.

सगळ्याच कुत्र्यांसाठी क्रेट नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. एका घरी मी पोचले तेव्हा आठ महिन्यांच्या कुत्र्यानं जाळी वाकवली होती, सुळा तुटला होता, पंजांच्या नखांतून रक्त येत होतं. तो बंद जागेला नव्हे, एकटेपणाला घाबरत होता, आणि बंद जागेमुळे ती घबराट कितीतरी पटीनं वाढत होती. तो क्रेट त्याच दिवशी घडी करून माळ्यावर गेला. पशुवैद्यांनी औषधं दिली, घरच्यांनी त्याला एकटं न ठेवण्याची व्यवस्था लावली, आणि स्वयंपाकघराला मुलांसाठी लावतात तसं बुटकं फाटक बसवलं. तो आज त्या फाटकाशी आरामात झोपतो. क्रेट जमला नाही म्हणून ते घर हरलं, असं मी मानत नाही.

आणि काही माणसांसाठीही क्रेट नाही. सकाळी साडेआठला निघून रात्री आठला परतणारं एक जोडपं मला विचारत होतं, दिवसभर क्रेटमध्ये ठेवायची सवय किती दिवसांत लागेल? मी म्हटलं, "ती सवय मी लावणार नाही." दोघं दुखावले. पण हे मला प्रत्येक वेळी म्हणावंच लागतं. आपल्याकडचा १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवण्याला क्रूरता म्हणतो, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देण्यालाही. स्वीडनमध्ये तर घरात कुत्र्याला असं बंद करून ठेवायला मनाईच आहे. तिकडचा हा नियम माहीत असलेली माणसं आपल्याकडचे क्रेट बघून चकित होतात. रात्री माणसांच्या सोबतीनं झोपायला आणि दिवसा थोडा वेळ निवांत पडायला क्रेट ठीक. दिवसाचे दहा तास ठेवायला तो नाही. त्या जोडप्यानं पुढे दुपारी येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाची सोय केली आणि मगच पिल्लू नेलं. ते पिल्लू सुखात आहे.

काही बारीक पण जिवावर बेतू शकणाऱ्या गोष्टी. आत जाताना गळपट्टा आणि छातीपट्टा काढायचाच. जाळीत अडकून गळफास बसतो. मार्च ते जून आपल्याकडे क्रेटवर जाड चादर टाकायची नाही. कुत्र्याला घाम जवळपास पंजांनाच येतो, बाकी बरीचशी उष्णता ते धापा टाकून बाहेर सोडतं, आणि कोंदट जागेत ते जमत नाही. मच्छरांची कॉईल क्रेटजवळ लावू नये. पावसाळ्यात गोधडी वाळत नाही म्हणून दोन ठेवाव्यात, आणि गोचिडांसाठी क्रेटचे कोपरे तपासावेत. पिल्लाला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून पडता आलं पाहिजे. विमानानं प्राणी नेतानाही हाच निकष लावतात. आपल्या देशी कुत्र्याला पूर्ण वाढीनंतर ३६ इंची क्रेट बहुतेक वेळा पुरतो, उंच पायांच्या नराला ४२ इंची घ्यावा.

सात-आठ महिन्यांच्या आसपास सगळं नीट चाललेलं असताना पिल्लू अचानक क्रेटमध्ये जायला नकार देतं. वयात येण्याचा काळ असतो, जुन्या गोष्टींची नव्यानं भीती वाटते, मादी पहिल्यांदा माजावर येते. घरच्यांना वाटतं सगळी मेहनत पाण्यात गेली. तसं नसतं. दार पुन्हा नाडीनं मागे बांधायचं आणि थोडे दिवस मागे जायचं. दुसऱ्यांदा ते पहिल्यापेक्षा लवकर येतं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आजही लोक विचारतात. मी त्यांना दिवाळीबद्दल सांगते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी सैरभैर होऊन उघड्या दारातून पळालेली कुत्री शोधत दरवर्षी आम्ही रस्तोरस्ती फिरतो. ज्यांना आपली जागा माहीत असते ती संध्याकाळी पहिला सुतळी बॉम्ब वाजताच स्वतःहून आत जाऊन बसतात. आतल्या खोलीत क्रेट, पंखा चालू, दार उघडं, शेजारी घरचं माणूस. थरथरतात, पण पळत नाहीत. दुसरं कारण दवाखान्याचं. मादीची नसबंदी झाली की दहा-बारा दिवस उड्या मारू द्यायच्या नसतात. हाड मोडलं तर पशुवैद्य कित्येक आठवडे हालचाल बंद सांगतात. क्रेटमध्ये सुखानं पडून राहणारं कुत्रं ते दिवस काढतं. ज्याला पहिल्यांदाच दुखऱ्या पायानं कोंडलं जातं, ते टाके तोडतं. शस्त्रक्रियेनंतर काळजीच्या खोलीत अनोळखी माणसांमध्ये पडलेल्या कुत्र्याच्या पाठीशी हा सराव उभा राहतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की क्रेटच्या बाजूनं बोलायला मला कधी संकोच वाटत नाही.

पाच, सहा, सात महिन्यांची पिल्लं आत्ताही केंद्रांत आणि आमच्यासारख्यांच्या घरी वाट बघत आहेत. मोठं पिल्लू शिकत नाही हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक घरी न्या. दोन आठवडे तुमच्या पलंगाऐवजी जमिनीवर झोपायची तयारी ठेवा. आणि घरात आजी-आजोबा असतील तर क्रेट त्यांच्याजवळ ठेवा.